जॉबरची सुट्टी

"भोपळे सिद्राम कोण?"

दारात एक आडदांड गडी उभा. एका हातात बादली, एका हातात मोबाईल, खांद्याला पिशवी. मी तेव्हा जॉबरच्या गालाला साबण फासत होतो.

"मीच," म्हणलं. "काय काम?"

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग मोबाईलात बघितलं. मग परत मला.

"तुम्ही उभे कसे काय?"

"म्हणजे?"

"तुम्हाला उभं राहता येत नाही."

"कोण म्हणतं?"

"ऑफिस म्हणतंय. उजवी बाजू गेलेली आहे तुमची. आंघोळ, दाढी, जेवण, कपडे, सगळं दुसऱ्यानं करायचं. संडासला दोन माणसं लागतात." त्यानं आवाज जरा खाली आणला. "शिव्या देतो, जेवताना थुंकतो, असं पण लिवलंय मामा. पण त्याचं काय नाही. मी लई पेशंट बघितलेत."

जॉबर खुर्चीत ताठ होऊन ऐकायला लागला. अर्ध्या तोंडाला फेस, अर्ध्या तोंडाची दाढी झालेली.

"आणि येमुल लक्ष्मय्या?" गड्यानं विचारलं.

"मी," जॉबर बोलला. लकव्यानं त्याची जीभ जड झाली होती. शब्द सावकाश यायचे, पण यायचे स्पष्ट.

"काका, तुमची सुट्टी मंजूर झाली. चार महिन्यांत एक खाडा नाही तुमचा. शहात्तर वय आणि रोज सहा तास ड्युटी. साहेब म्हणले, अशानं माणूस मरेल, बदली पाठवा. मी बदली. मल्लिनाथ हत्तुरे."

जॉबरनं डावा हात सावकाश कपाळापर्यंत नेला, सलाम केला आणि माझ्याकडं वळला.

"चार वर्षं झोपून आहे मी. पहिल्यांदा सुट्टी मिळाली बे. आवर लवकर, मला सुट्टीवर जायचंय."

आता हे काय त्रांगडं होतं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच पेशंट होतो आणि विसरलो.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डात काम केलं. चौथी शिकलेला माणूस, पण पेशंट उचलायचा म्हणलं की सगळे डॉक्टर मलाच हाक मारायचे. रिटायर झाल्यावर घरोघर पेशंट सांभाळायला माणसं पाठवतात त्या एका ऑफिसात नाव घातलं. तिथनं मला साखर पेठेत लक्ष्मय्या येमुलकडं पाठवलं. हा मिलमधला जॉबर. म्हणजे अठ्ठेचाळीस मागांवर नजर ठेवणारा माणूस. विणकराचा धागा तुटायच्या आधी ह्याला कळायचं म्हणे. त्याचा उजवा हात, उजवा पाय गेलेला. घरात एकटी मुलगी, सरोजा. बालवाडीत शिकवायची. सकाळी आठला जायची ती दुपारी दोनला यायची. तेवढ्या वेळात ह्या अवजड म्हाताऱ्याला उठवणार कोण, बसवणार कोण? जुन्या कामगारांचा एक ट्रस्ट होता. ज्याला स्वतःच्या अंगाचं करता येत नाही, त्याला ते माणूस द्यायचे. तो माणूस मी.

पण त्याला कागद लागायचा. रोज एक. आंघोळ कुणी घातली, जेवण कुणी भरवलं, कपडे कुणी घातले, पेशंटनं काय त्रास दिला. तो कागद ऑफिसात जायचा, आणि तिथं एक मॅडम तो वाचून कंप्युटरात एक नंबर टाकायची. झेड चौऱ्याहत्तर पॉइंट एक. म्हणजे ह्या माणसाला अंगाचं करायला दुसरा माणूस लागतो. दुनियाभर हाच नंबर चालतो म्हणे. नंबर आहे तोवर मी आहे. नंबर गेला की दुसऱ्या दिवशीपासून मी नाही, आणि जॉबर आठ ते दोन एकटा.

तर आमच्या वॉर्डात एक रीत होती. ड्युटीवर आलं की कागदाच्या डोक्यावर आधी आपलं स्वतःचं नाव टाकायचं. कारण सिस्टर सकाळी फक्त डोकं वाचायची, कुणाला झापायचं ते ठरवायला. पेशंटचा अंगठा तळाला घ्यायचा, सेवा मिळाली म्हणून. एकतीस वर्षं हात तसाच वळलेला. ह्या नव्या कागदाच्या डोक्यावर 'नाव' एवढंच छापलेलं. मी आपलं टाकलं, सिद्राम भोपळे. तळाला 'सही किंवा अंगठा' होतं, तिथं जॉबरचा डावा अंगठा उठवला. नेमकं त्याच महिन्यात ऑफिसनं जुन्या वह्या बंद केल्या आणि सगळं कंप्युटरात नव्यानं चढवलं, ते ह्या कागदांवरनं. वरचं नाव पेशंटचं, खालचा अंगठा सांभाळणाऱ्याचा, असं धरून.

चार महिने मी लोळागोळा होऊन पडलेलो, आणि जॉबर मला न्हाऊ-माखू घालत होता. कंप्युटरात.

मी हे सगळं मल्लिनाथला समजावलं. त्यानं मान हलवत ऐकलं.

"असेल मामा. पण आंघोळीआधी एक फोटो आणि आंघोळीनंतर एक फोटो टाकल्याशिवाय माझी हजेरी लागत नाही. आधीच दोन खाडे झालेत. आज तिसरा पडला तर नाव काढतात."

"मग जॉबरला घाल की आंघोळ."

"ते स्टाफ आहेत. स्टाफला आंघोळ घातलेली कशी दाखवू?"

"घे बे सिद्राम," जॉबर म्हणला. "पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि वास तर येतोच तुझा."

मी पण नोकर माणूस. खाडा म्हणजे काय ते मला ठाऊक. म्हणलं एक तांब्या ओतून घ्यावा, फोटो काढू द्यावा, विषय संपला. चड्डीवर मोरीत पाटावर जाऊन बसलो. जॉबर म्हणला, माझी खुर्ची मोरीच्या दाराला लाव, बदलीवाल्याचं काम बघायला जॉबर लागतो. लावली खुर्ची. अर्ध्या दाढीनं तो तिथं बसला, सिनेमाला बसल्यासारखा.

मल्लिनाथनं पहिला फोटो काढला. मग काही न बोलता अख्खा तांब्या माझ्या डोक्यावर उपडा केला.

माझा श्वास गेला. नाकात पाणी, कानात पाणी. तोंड उघडलं तर दुसरा तांब्या.

"अरे सांगून ओत की," मी ओरडलो.

"झालं मामा, झालं." साबण घेतला आणि माझं तोंड घासलं, परातीला घासतात तसं. डोळे चुरचुरायला लागले. माझं मनगट धरून हात वर उचलला, काखेत साबण, हात सोडून दिला. माझाच हात माझ्या मांडीवर येऊन आदळला. दुसरा हात. तेवढ्यात मला खाली वाकवलं, पाठ घासायला, आणि माझ्या डोक्यावरनं जॉबरशी गप्पा सुरू. "काका, तुमच्या पेठेत पाणी एक दिवसाआड येतंय का? आमच्याकडं चौथ्या दिवशी." मी खाली मोरीचं भोक बघत वाकलेलो. मला कुणी काही विचारत नाही. मानेवर परत पाणी, ह्या वेळेला गार.

मी त्याच्या आईपासून सुरुवात केली आणि त्याच्या गावापर्यंत गेलो.

मल्लिनाथनं ओल्या बोटानं मोबाईलात लिहिलं. मोठ्यानं म्हणत लिहिलं, "पेशंट, शिव्या, देतो. बरोबर आहे."

तेव्हा जॉबर हसायला लागला. चार महिन्यांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. मला वाटायचं लकव्यानं तेवढं गेलंय. तो हसला ते खुर्ची हलली. वाकड्या तोंडातनं लाळ गळायला लागली, डोळ्यातनं पाणी.

"काय झालं हसायला?"

"काही नाही," तो म्हणला. "मल्लिनाथ, अजून एक तांब्या टाक. पाठीला साबण राहिलाय त्याच्या."

जेवणाचं पण तेच. फोटो लागतो म्हणला. सरोजानं सकाळीच चारू-भात करून ठेवलेला, चिंचेचं आंबट पातळ चारू. त्यानं मोठा चमचा भरून तोंडात सारला. मी चावतोय तोवर दुसरा ओठाला लागला. नको म्हणायला तोंड उघडलं तर तिसरा आत. मी थुंकलो. सगळं त्याच्या शर्टावर.

"जेवताना थुंकतो," मल्लिनाथ म्हणला. "मामा, राग नाही. ज्यानं लिवलं त्यानं अगदी बरोबर लिवलंय."

ज्यानं लिहिलं तो मीच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात गेलो. नंबर टाकणाऱ्या रेणुका मॅडम बसल्या होत्या, चष्मेवाल्या, बोलायला मऊ. मी अर्ज पुढं सरकवला. नावं उलटी झालीत, सुलटी करा.

"मामा, हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

"तुम्ही पेशंट आहात. तुम्हाला पेन धरता येत नाही असं इथं आहे. म्हणजे हा अर्ज खोटा धरतील."

"मॅडम, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते मला दिसतंय. कंप्युटरला दिसत नाही ना."

"बरं, मग मला मारा गोळी. येमुलला पेशंट करा."

"ते स्टाफमध्ये आहेत. एकाच फाईलीत स्टाफ पेशंट होत नाही. त्यांना आधी राजीनामा द्यावा लागेल. महिनाभर आधी."

"चार वर्षं तो अंथरुणावर आहे हो."

"त्यांच्या नावापुढं फिट लिहिलंय."

"कोण डॉक्टर म्हणला?"

"डॉक्टर नाही. चार महिने खाडा नाही, म्हणजे फिट. ते आपोआप येतं."

मी बाकावर बसलो. मॅडमनं इकडं तिकडं बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. "मामा, एकच रस्ता आहे. गुरुवारी डॉक्टरांना घेऊन येते घरी. ते दोघांना तपासतील. तुम्ही धडधाकट आहात म्हणल्यावर तुमचा नंबर जाणार. येमुलकाकांचं त्यांना पटलं तर तोच नंबर तिकडं लावता येईल. पण काका म्हणले की मी सगळं स्वतः करतो, तर फाईल बंद. मग माझ्या हातात काही नाही. आणि म्हातारी माणसं तसंच म्हणतात, डॉक्टरसमोर. लाजतात. तुम्ही समजवा त्यांना."

समजवायला गेलो. सरोजा पण बसली होती.

"नाना," ती म्हणली, "डॉक्टर विचारतील तेव्हा एवढंच सांगायचं, जमत नाही म्हणून."

"अठ्ठेचाळीस माग होते माझ्याकडं," जॉबर म्हणला. "जमत नाही म्हणणाऱ्याला मी दाराबाहेर काढलाय."

"इथं माग नाहीत नाना. मामा गेले तर मला बालवाडी सोडावी लागेल."

जॉबर भिंतीकडं बघत बसला. सरोजा उठली. ताटं उचलून आत गेली, आणि आत भांडी जरा जास्तच वाजली.

"जॉबर, दोन शब्द आहेत," मी म्हणलं. "जमत, नाही. मेलेला माणूस पण म्हणेल."

"तू म्हण की मग. कागदावर पेशंट तूच आहेस."

गुरुवारी सकाळी त्यानं मला फर्मान सोडलं. पांढरा शर्ट. त्यावर कोट. केसाला तेल, भांग. दोन्ही गालांची दाढी. मी म्हणलं, आज अर्धीच राहू द्या, डॉक्टरला दया येईल. तर म्हणला, साहेब येणार आहे, भिकारी नाही.

सरोजानं रजा टाकली होती. ती दाराला टेकून उभी.

डॉक्टर कुंभोजकर आले. बारीक माणूस, घाई चेहऱ्यावरच लिहिलेली. मागनं रेणुका मॅडम फाईल धरून. डॉक्टर खुर्चीवर बसले, कागद काढला.

"येमुलकाका, आंघोळ कोण घालतं?"

"मी करतो. स्वतः."

बारीकशी खूण झाली कागदावर.

"कपडे?"

"स्वतः. हे बघा की, कोट."

खूण.

"जेवण?"

"स्वतः. ह्याला पण मीच भरवतो." डाव्या हातानं माझ्याकडं बोट.

खूण. सरोजाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. रेणुका मॅडम फाईलमध्ये बघत होत्या.

"खोटं बोलतोय तो, डॉक्टर," मी म्हणलं.

"तुम्ही कोण?"

"मी कागदावरचा पेशंट."

"बरं. तुमचं नंतर."

डॉक्टर पेनाला टोपण घालायला लागले. तेवढ्यात जॉबर म्हणला, "साहेब, नुसतं तोंडी घेताय? आमच्याकडं माणूस ठेवायचा तर मागावर उभा करून बघायचे. ड्युटी दाखवू का?"

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. "दाखवा."

"सरोजा, चारू-भात आण. सिद्राम, बस खाली समोर."

मी जमिनीवर मांडी घालून बसलो. सरोजानं वाटी त्याच्या मांडीवर ठेवली, चमचा डाव्या हातात दिला. त्याचा हात हलत होता.

"आता घास देतोय," जॉबर म्हणला. "तोंड उघड."

उघडलं. चमचा निघाला. वाटेत अर्धा भात कोटावर सांडला, उरलेला माझ्या नाकावर.

"थोडा वर गेला. पुसू नको, थांब. परत देतोय. उघड."

हा हनुवटीला.

"आता खालून येतोय. उघडच ठेव."

तिसरा गेला आत. चार-पाच शितं असतील.

"चाव. घाई नाही. मी थांबतो." आणि तो थांबला. हात हवेत धरून, माझ्या घशाकडं बघत. "गिळलं का?"

"गिळलं."

"मग दुसरा देतोय."

भात त्याच्या कोटावर, माझ्या शर्टात, जमिनीवर, डॉक्टरच्या बुटावर. आणि प्रत्येक वेळेला तो आधी सांगत होता. "आता देतोय. आता थांबतोय. आता सांडणार आहे, हलू नको." सांडलं. "आता पाणी देतोय. गार आहे. अंग आवरून बस." पेला वाकडा झाला आणि सगळं पाणी माझ्या गळपट्टीतनं आत गेलं, थेट पोटापर्यंत. पण माझा श्वास गेला नाही. मला सांगितलेलं होतं.

पुढचा घास तोंडात होता आणि तो काही केल्या खाली जाईना. मल्लिनाथचा तांब्या आठवला. माझी ओरड आठवली. जॉबर कशाला हसला होता ते आठवलं. मग माझे कागद आठवले, चार महिन्यांचे. शिव्या देतो. थुंकतो. अंग ताठ करतो. आंघोळीला त्रास देतो. एकतीस वर्षं किती जणांच्या नावावर लिहिलं असेल तसं.

"गिळ की बे," जॉबर म्हणला. "साहेब बघतायत."

डॉक्टरनं पेनाचं टोपण परत काढलं होतं. "येमुलकाका," त्यांनी विचारलं, "वाटी संपायला किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल. पण संपवणार."

डॉक्टरनं आधीच्या सगळ्या खुणा खोडल्या. सावकाश, एकेक. खाली काहीतरी लिहिलं आणि कागद मॅडमकडं दिला. मॅडमनं वाचला आणि सरोजाकडं बघून मान हलवली.

"झेड चौऱ्याहत्तर पॉइंट एक," त्या म्हणल्या. "येमुल लक्ष्मय्या."

"म्हणजे नापास?" जॉबरनं विचारलं.

"ड्युटी चांगली आहे तुमची," डॉक्टर बूट झटकत म्हणले. "माल फार वाया जातो."

"ते खरंय," जॉबर म्हणला. "मी पण काढून टाकला असता."

ते गेल्यावर सरोजानं चहा आणला. मी जमीन पुसत होतो. वर बघितलं तर जॉबरनं डाव्या हातानं बशी उचलली होती, काठोकाठ भरलेली. ओठाला लावली आणि फुर्र करून पिऊन टाकली. एक थेंब सांडला नाही.

मी फडकं खाली ठेवलं. "जॉबर, हात हलत नाही की तुमचा."

"चहाला नाही हलत."

"आणि भाताला?"

"भाताचं तू कधी बघितलंस? तूच कोंबत होतास." त्यानं बशी माझ्याकडं दिली. "जमत नाही म्हणून तोंडानं सांगणार नव्हतो. मुलीसमोर तर नाहीच. त्यांना बघायचं होतं, त्यांनी बघितलं." मग जरा थांबून म्हणला, "आणि तुला पण दाखवायचं होतं. ते आधीच दाखवलं असतं, पण तुझं काम लई झपाट्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाटावर बसवलं. तांब्या भरला, हात सवयीनं वर गेला. तिथंच धरला.

"ओततोय हां, जॉबर. डोक्यावर."

त्यानं डोळे मिटले. ओतलं. अंग ताठ झालं नाही. शिवी आली नाही. नुसता म्हणला, "पाणी जरा गार आहे. उद्या कोमट बघ."

त्या दिवशी कागदाच्या डोक्यावर पहिल्यांदा त्याचं नाव टाकलं. त्रासाच्या रकान्यात काही लिहिण्यासारखं नव्हतं.

मल्लिनाथची मला न्हाऊ घातल्याच्या दिवसाची हजेरी लागली, नोकरी टिकली. त्यानं काढलेला दुसरा फोटो, मी चड्डीवर, डोक्यावरनं पाणी निथळतंय, डोळे घट्ट मिटलेले, पुढं बरीच वर्षं ऑफिसच्या भिंतीवर होता. खाली छापलेलं, 'समाधानी रुग्ण'. नवीन पोरं भरती व्हायची ती मला बघून विचारायची, मामा, बरे झालात का.

जॉबर अजून तीन वर्षं जगला. गेला तो झोपेत, कुणाला त्रास न देता. अंगणात पाटावर बसवला, शेवटची आंघोळ घालायला. पाहुणे जमलेले. सरोजा मला म्हणली, मामा, तुम्हीच घाला.

तांब्या भरला, वर नेला आणि सांगितलं, "ओततोय हां, जॉबर."

पाहुण्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं काय.

"सांगू दे त्यांना," सरोजा म्हणली.

मी ओतलं. मग दुसरा तांब्या भरला, बोट घालून बघितलं, कोमट होतं, आणि परत सांगितलं.